कागदाचा पांढरा कोणी राखायचा?

पारदर्शक जलरंगात काम करणारा चित्रकार पांढरा रंग सहसा पेटीतून घेत नाही. त्याचा पांढरा म्हणजे कागद. देवळाच्या शिखरावरचे ऊन, नदीच्या पात्रावरची चमक, पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरची उजेडाची पट्टी, या सगळ्या जागा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देण्याआधीच ठरवून कोऱ्या ठेवाव्या लागतात. एकदा त्यावरून रंग गेला की तो उजेड पुरता परत मिळत नाही. कॅमेऱ्याचे काम याच्या उलट चालते. त्याला काहीच कोरे ठेवता येत नाही. शिखरावरचे ऊन असो की पायरीवरचा केरकचरा, प्रत्येक पिक्सेलला एक किंमत मिळतेच. फोटोचे जलरंगचित्र करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची पस्तीसेक वर्षांची सगळी खटपट या दोन टोकांमधले अंतर कापण्याची आहे.

या काळात काय साधले, काय राहिले आणि मतभेद कुठे आहेत हे तपासताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. रंग कागदावर कसा पसरतो, कुठे साचतो, कसा वाळतो हे संगणकाला आता चांगले जमते. चित्रात काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय मात्र प्रत्येक पिढीच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या कुणाकडे सोपवला आहे: कधी वापरणाऱ्याकडे, कधी एखाद्या सूत्राकडे, तर कधी असंख्य चित्रकारांच्या साठलेल्या सवयींकडे. तयार झालेले चित्र कुणाचे, हा आज कोर्टापर्यंत पोहोचलेला प्रश्नही तिथूनच निघतो. तंत्राचा वाद आणि हक्काचा वाद वेगवेगळे मांडले जातात. माझ्या मते ते एकच आहेत.

डिंक, रंग आणि ऊन

फोटो आणि जलरंग यांची गाठ संगणकाने प्रथम घातली असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात गम बायक्रोमेट नावाची छपाईची पद्धत छायाचित्रकारांत लोकप्रिय झाली. जलरंगाच्या वडीत रंगद्रव्य धरून ठेवतो तोच डिंक घ्यायचा, त्यात जलरंगाचे रंगद्रव्य आणि डायक्रोमेटचे क्षार मिसळायचे आणि तो लेप कागदावर द्यायचा. त्यावर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरला की जिथे उजेड पोहोचतो तिथला डिंक घट्ट होतो. मग कागद पाण्यात धुताना न घट्ट झालेला रंग वाहून जातो. गंमत पुढे आहे. धुताना छायाचित्रकार कुंचल्याने हवा तेवढा रंग आणखी काढू शकत असे, म्हणजे फोटोतला नको तो तपशील पुसून तिथे कागद उघडा पाडू शकत असे. फ्रान्समध्ये रोबेर दमाशी हा या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता होता. अमेरिकेत एडवर्ड स्टायकेनने १९०४ सालच्या 'द पाँड: मूनलाइट' या तळ्यावरच्या चांदण्याच्या चित्रात प्लॅटिनम छापावर डिंकाचे थर दिले.

त्यावरही वाद झालाच. फोटोने फोटोच राहावे, हाताने ढवळाढवळ केली की त्याची सचोटी जाते, असे एका बाजूचे म्हणणे होते. निवडीशिवाय कला नाही आणि निवड करायला हात लागतोच, असे दुसरी बाजू म्हणे. भारतात त्याच सुमारास संस्थानिकांच्या आणि श्रीमंत घरांच्या फोटोंवर हाताने रंग चढवण्याचा व्यवसाय चालू होता, आणि तिथे हा तात्त्विक वाद फारसा कुणाला सुचला नाही. गिऱ्हाइकाला चेहरा फोटोइतका हुबेहूब आणि शालू चित्राइतका झळझळीत हवा असे. आज अ‍ॅपमधून आपल्या फोटोचे चित्र करून घेणाऱ्याची अपेक्षा याच दुसऱ्या परंपरेतली आहे, ही गोष्ट चर्चेत बहुधा निसटते.

फिल्टरची पिढी

संगणकावरच्या कामाची सुरुवात १९९० साली पॉल हॅबर्ली यांच्या 'पेंट बाय नंबर्स' या निबंधापासून धरतात. त्यांच्या पद्धतीत फोटो पडद्यामागे असतो आणि वापरणारा कोऱ्या पडद्यावर माउस फिरवतो. जिथे माउस जाईल तिथला रंग सॉफ्टवेअर फोटोतून उचलते आणि त्याचा फटकारा उमटवते. रंग फोटोचा, जागा, आकार आणि क्रम माणसाचा. जिथे माउस गेला नाही तिथे चित्र कोरेच राहते. आरंभीच्या या साध्या प्रयोगात निर्णयाची वाटणी जितकी स्वच्छ होती तितकी ती पुढे क्वचितच राहिली.

१९९८ साली एरन हर्टझमन यांनी हे काम स्वयंचलित केले. आधी जाड कुंचल्याने सगळे रंगवायचे, मग जिथे चित्र आणि फोटो यांत फरक जास्त दिसेल तिथे बारीक कुंचला वापरायचा. पद्धत हुशारीची आहे, पण तिच्या पोटात दोन गृहीतके आहेत. एक, फोटोशी साम्य हीच बारकाव्याची कसोटी. दुसरे, आधीचा रंग नंतरच्या रंगाखाली झाकता येतो. दुसरे गृहीतक तैलरंगाचे आहे. जलरंग फिकटाकडून गडदाकडे जातो आणि खालचा थर वरच्यातून दिसतच राहतो. चित्रसदृश परिणामांवरचे बरेचसे सुरुवातीचे काम नकळत तैलरंगाच्या तर्कावर उभे होते, आणि त्याच तर्काला 'वॉटरकलर' नाव देऊन बाजारात आणलेल्या बटणांनी पुष्कळांची निराशा केली.

फोटोशॉपमधले वॉटरकलर फिल्टर याचे परिचित उदाहरण. त्याला तीन नियंत्रणे आहेत: कुंचल्याचा बारकावा, सावलीची तीव्रता आणि पोत. रंगाच्या छटा जिथे झपकन बदलतात त्या कडांवर ते रंग गडद करते. कल्पना बरोबर आहे, कारण खऱ्या जलरंगातही कडा गडद होतात. पण सावल्या इतक्या काळवंडतात की चित्रातला उजेडच हरवतो. जलरंगाचे एक लक्षण घेतले आणि त्याचा प्राण सोडला, असे या फिल्टरबद्दल म्हणावे लागते.

याच पिढीतले एक तंत्र जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आजच्याही अनेक साधनांत ते आहे. जपानी संशोधक कुवाहारा आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला खरखरीतपणा काढण्यासाठी एक फिल्टर मांडले. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन घ्यायचे, ज्या चौकोनातले रंग एकमेकांशी सर्वांत मिळतेजुळते असतील तो निवडायचा आणि त्याची सरासरी त्या पिक्सेलला द्यायची. परिणाम असा की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि कड मात्र शाबूत राहते, कारण कडेपलीकडचा चौकोन कधी निवडलाच जात नाही. पानांच्या गर्दीचे यातून रंगाचे सपाट ठिपके होतात आणि पाहणाऱ्याला ते कुंचल्याचे वाटतात. डॉक्टरांना हृदयाची कड स्पष्ट दिसावी म्हणून केलेली युक्ती चित्रकलेच्या कामी आली. पण या फिल्टरला झाडाची कड आणि विजेच्या तारेची कड यांत फरक कळत नाही. निसर्गचित्र काढणारा बहुधा तार गाळून टाकतो; फिल्टर ती प्रामाणिकपणे जपते.

पाण्याचे गणित

दुसरी दिशा मुळापासून वेगळी होती. परिणामाची नक्कल करण्यापेक्षा कारणच संगणकात घडवू, असा तिचा विचार. १९९०च्या सुमारास एमआयटीत डेव्हिड स्मॉल यांनी पाणी, रंगद्रव्य आणि कागदाचे तंतू यांचे एकत्रित प्रतिमान करून पाहिले. पण या वाटेवरचा मैलाचा दगड म्हणजे कॅसिडी कर्टिस, डेव्हिड सेलेसिन आणि सहकाऱ्यांचा १९९७ सालचा निबंध. त्यांनी कागदाचे तीन थर कल्पिले. सगळ्यांत वर पाण्याचा उथळ थर, त्यात रंगद्रव्य वाहते. मधल्या थरात रंगद्रव्य कागदावर बसते आणि पुन्हा उचललेही जाते. खाली कागदाचा शोषणारा थर, त्यातून ओल बाजूला झिरपते. या तिन्हींच्या देवघेवीतून चित्रकारांच्या ओळखीचे सगळे परिणाम निघाले: कोरड्या कुंचल्याचा तुटक फटकारा, ओल्यात सोडलेल्या रंगाचे पसरणे, खडबडीत कागदाच्या खळग्यांत दाणेदार रंग साचणे, अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाणी पडले की उठणारे फुलकोबीसारखे डाग.

यातली गडद कड सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. टेबलावर सांडलेला कॉफीचा थेंब वाळला की मधे फिका आणि कडेला गडद कडे उरते. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते, बाष्पीभवन कडेला वेगाने होते, ती तूट भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना कण घेऊन जाते. रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी हे स्पष्टीकरण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले ते साल १९९७च. चित्रकार शतकानुशतके जी कड कधी टाळत आणि कधी मुद्दाम आणत आले, तिचे भौतिक कारण आणि तिचे संगणकीय रूप एकाच वर्षी समोर आले.

रंग एकावर एक चढल्यावर कसे दिसतात, याची सोयही या निबंधात होती. पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली रंगलेपातून प्रकाश कसा शोषला आणि विखुरला जातो याची समीकरणे दिली होती. कर्टिस यांच्या पद्धतीत वापरणाऱ्याने एवढेच सांगायचे, की अमुक रंग पांढऱ्यावर कसा दिसतो आणि काळ्यावर कसा दिसतो. त्यावरून त्या रंगाची पारदर्शकता निघते. नवी ट्यूब आणल्यावर जलरंगाचे चित्रकार कागदावर काळी रेघ ओढून तिच्यावरून रंग फिरवून पाहतात, त्याचेच हे गणित.

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पिवळा आणि निळा मिसळला की बहुधा मळकट राखाडी येतो, शाळकरी मुलालाही येणारा हिरवा येत नाही, ही जुनी तक्रारही याच समीकरणांनी सुटली. लाल-हिरवा-निळा या प्रकाशाच्या आकड्यांची सरासरी काढली की असेच होणार. शारका सोहोरोव्हा आणि ओन्द्रेय यामरिश्का यांनी २०२१ साली खऱ्या रंगद्रव्यांप्रमाणे मिसळण्याची वेगवान पद्धत दिली आणि ती रेबेलसारख्या जलरंगाच्या सॉफ्टवेअरमध्ये आली. त्याआधी २००६ साली अ‍ॅड्रियन बूसो आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की प्रवाहाचे अवजड गणित टाळून, प्रत्येक ठिकाणी रंगद्रव्याची घनता थोडी कमीजास्त करूनही डोळ्याला पटणारा जलरंग मिळतो. पाण्याचे खरे अनुकरण हवे की दिसण्यापुरते, हा मतभेद तेव्हापासून आहे. हाताने रंगवणाऱ्यासाठी खरे अनुकरण मोलाचे, कारण त्याला पुढचा फटकारा ओल पाहूनच मारायचा असतो. तयार फोटो बदलणाऱ्याला मात्र वाहते पाणी कधी दिसतच नाही, त्यामुळे तिथे दिसण्यापुरते पुरे, असे मला वाटते.

१९९७च्या त्याच निबंधात फोटोचे जलरंगचित्र करूनही दाखवले आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरला तीन गोष्टी द्याव्या लागत: फोटो, त्यातल्या मुख्य वस्तूंचे वेगवेगळे कापलेले आकार, आणि कोणते रंग कोणत्या क्रमाने लावायचे याची यादी. म्हणजे पाण्याचे काम यंत्राने घेतले; आकार वेगळे काढणे आणि रंगांचा क्रम ठरवणे, हे दोन निर्णय माणसाकडेच राहिले.

काय गाळायचे

हे उरलेले निर्णय यंत्राला कसे द्यायचे, यावरही काम झाले. डग डिकार्लो आणि अँथनी सँटेला यांनी २००२ साली एक सुंदर युक्ती केली. माणूस फोटो पाहत असताना त्याची नजर कुठे थांबते हे उपकरणाने टिपायचे, जिथे नजर थांबली तिथे तपशील ठेवायचा आणि उरलेले सोपे करायचे. गाळण्याचा निर्णय इथे पाहणाऱ्याच्या डोळ्याने घेतला, त्याच्या नकळत. पुढे नजर टिपण्याऐवजी फोटोतली ठळक जागा गणिताने ओळखण्याकडे कल झुकला. २०१४ साली चिनी संशोधकांच्या एका गटाने फोटो-जलरंगासाठी अशा ठळकपणाच्या नकाशाला रंगसंगतीची दुरुस्ती, ओल्यातले पसरणे, गडद कडा आणि हाताची किंचित थरथर यांची जोड दिली. वॉटरलॉग हे २०१३ सालचे अ‍ॅप लोकांना आवडले तेही याच कारणाने. ते कडेला अनियमित कोरा कागद सोडते आणि रंगाखाली रेखाटनाची रेघ दाखवते. रंग थोडा कमी, कागद थोडा जास्त.

जलरंग शिकवणारे विद्यार्थ्याला डोळे बारीक करून पाहायला सांगतात. पापण्या मिटत आणल्या की बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे तीन-चार मोठे आकार उरतात. फिल्टरही हेच करते, म्हणून ते शिकण्याच्या कामी येते, हे मान्य करायला हवे. पण चित्रकार डोळे पुन्हा उघडतो आणि ठरवतो की आता बारकावा फक्त इथे, या एका खिडकीशी. तो ठळक जागेलाच बारकावा देईल असे नाही. कित्येकदा चेहरा नुसत्या डागात सुटतो आणि सगळे लक्ष हातातल्या वस्तूकडे वळवले जाते.

सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र डोळ्यांसमोर आणावे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले १९४५-४६ सालचे हे चित्र हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभी करून केले, आणि अजूनही पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. अंधारात दिव्याला आडोसा धरलेला हात, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड आणि चेहऱ्यावरचे त्याचे पडसाद, हे तैलरंगात कठीण आणि जलरंगात फारच कठीण, कारण पारदर्शक जलरंगात उजेड शेवटी कागदातूनच येतो. अशाच प्रसंगाचा फोटो फिल्टरला दिला तर ठळकपणाचे गणित दिव्याची ज्योत बिनचूक शोधेल. बोटांच्या कडेचा तो अर्धपारदर्शक लाल मात्र त्याला ज्योत आणि अंधार यांमधली एक संक्रमणरेषा वाटेल, आणि सवयीप्रमाणे ते तिथली कड गडद करील.

शिकणारी यंत्रे

२०१५ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे लिओन गॅटिस, अलेक्झांडर एकर आणि मथियास बेथगे यांनी सगळी चर्चाच बदलून टाकली. वस्तू ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमधून त्यांनी चित्राचा आशय आणि शैली वेगळी काढली. शैली म्हणजे नेटवर्कच्या एकाच थरातली वेगवेगळी लक्षणे किती वेळा एकत्र येतात याचा हिशेब. ती कुठे येतात हे त्यात मोजत नाहीत. नेकार नदीकाठच्या घरांचा फोटो त्यांनी व्हॅन गॉग, मुंक, कँडिन्स्की या चित्रकारांच्या शैलीत बदलून दाखवला. पुढच्याच वर्षी जस्टिन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हे क्षणार्धात करण्याची पद्धत दिली, आणि २०१६च्या जूनमध्ये आलेल्या प्रिझ्मा अ‍ॅपने असे परिणाम घराघरांत नेले.

त्या पहिल्या उदाहरणांत टर्नरही होता. जलरंगाच्या इतिहासातले एवढे मोठे नाव, पण निवडले होते त्याचे समुद्रातल्या जहाजफुटीचे तैलचित्र. ही निवड मला बोलकी वाटते. 'कुठे' सोडून 'किती वेळा' मोजणारी पद्धत ज्या चित्रात फटकारे सगळीकडे सारखे भिनलेले असतात तिथे उत्तम चालते. जलरंगात जे महत्त्वाचे ते नेमके जागेशी बांधलेले असते. कोरा कागद हा पोत नसतो. तो अमुक ठिकाणी आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. त्यामुळे शैली-बदलाने केलेल्या जलरंगांत पाण्याचे डाग आकाशात शोभतात आणि तसेच गालावरही येतात.

२०२२ नंतरच्या डिफ्युजन मॉडेलांनी ही उणीव बरीच भरून काढली. ती फोटोवर पोत चढवत नाहीत. फोटोचा आधार घेऊन नवे चित्र रचतात. त्यामुळे आकाश पातळ वॉशमध्ये येते, चेहरा नितळ राहतो, तारा गळतात, कडेला कागद उघडा राहतो. गाळणे यंत्राला प्रथमच जमले, असे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण हे गाळणे आले कुठून? अशा मॉडेलांपैकी स्टेबल डिफ्युजन ज्या लायन नावाच्या संचांतून शिकले त्यातला सर्वांत मोठा ५.८५ अब्ज प्रतिमा आणि त्यांच्या शब्दवर्णनांचा आहे. त्यात जलरंग म्हणून नोंदलेल्या चित्रांमागे कुणी ना कुणी चित्रकाराने कुठेतरी उभे राहून पांढरा राखलेला आहे. मॉडेल त्या निर्णयांची गोळाबेरीज शिकते. म्हणून त्याचे जलरंग चांगले असतात आणि बरेचसे एकमेकांसारखेही. निर्णय नाहीसा झाला नाही, त्याचे मालक अनेक झाले.

मतांची तीन टोके

या घडामोडींकडे पाहणारे ढोबळमानाने तीन बाजूंना आहेत. पहिल्यांच्या मते हे केवळ साधन आहे. चित्रकार फोटो वापरतातच, प्रोजेक्टरने रेखाटन उतरवतात, रंगही कंपनीने बनवलेले घेतात. रोजच्या कामासाठी, पत्रिकेसाठी, आजीच्या जुन्या फोटोची भेट देण्यासाठी अ‍ॅपने केलेले चित्र पुरेसे असेल तर त्यात वावगे काय? दुसऱ्यांना माध्यमाची काळजी आहे. जलरंग म्हणजे पाण्याशी चाललेला वेळेचा खेळ, आणि त्याचे नाव नुसत्या दिसण्याला दिले की शब्दाचा अर्थ पातळ होतो, असे ते म्हणतात. तिसऱ्यांचा मुद्दा पोटाचा आहे. पुस्तकांची चित्रे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, भेटकार्डे यांवर जगणाऱ्या चित्रकाराचे काम त्याच्याच चित्रांवरून शिकलेल्या यंत्राने हिरावले, तर त्याला 'साधन' म्हणून गप्प बसता येत नाही.

माझ्या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप पहिल्या बाजूकडून येतो. जलरंगात तरी सगळे ठरवून कुठे होते? रंग हवा तसा पसरतो, फुलकोबी न बोलावता उठते आणि चित्रकार अपघातालाच शैली म्हणतो. मग यंत्राच्या अपघाताला वेगळा न्याय का? आक्षेप खरा आहे. पण अपघात स्वीकारायचा की ब्लॉटिंगने उचलायचा, हे चित्रकार त्या अर्ध्या मिनिटात ठरवतो, आणि पुढचा प्रत्येक फटकारा त्या होकार-नकारावर उभा असतो. हाच न्याय सॉफ्टवेअरलाही लावला पाहिजे. जो वापरणारा लेयर वेगळे करतो, आकाश एका पद्धतीने आणि माणूस दुसऱ्या पद्धतीने हाताळतो, नको तिथला रंग पुसून कागद उघडा करतो, त्याचे होकार-नकार चित्रात आहेत. एक बटण दाबणाऱ्याचे नाहीत. म्हणजे रेघ सॉफ्टवेअर आणि कुंचला यांच्यामधून जात नाही; ती दोन्हीकडच्या कामाच्या आतूनच जाते. फोटोतली प्रत्येक वीट नकलणारा जलरंगही या रेषेच्या पलीकडेच पडतो.

हक्काचा हिशेब

कायद्यापुढे हाच प्रश्न आला तो एका भारतीय प्रकरणात, आणि अगदी शुद्ध रूपात. वकील अंकित साहनी यांनी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो 'राघव' नावाच्या सॉफ्टवेअरला दिला, शैलीसाठी व्हॅन गॉगचे 'स्टारी नाइट' दिले आणि 'सूर्यास्त' हे चित्र तयार झाले. भारतीय कॉपीराइट कार्यालयाने २०२० साली साहनी आणि राघव या दोघांना सहनिर्माते धरून नोंदणी दिली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कार्यालयाने डिसेंबर २०२३मध्ये नोंदणी अंतिमतः नाकारली. साहनींचे म्हणणे होते की मूळ फोटो त्यांनी निवडला, शैलीचे चित्र त्यांनी निवडले आणि शैली किती चढवायची याचा आकडाही त्यांनीच दिला. कार्यालयाने उत्तर दिले की एवढ्याने चित्रातली रचना त्यांची ठरत नाही. कोणता घटक कुठे, कोणत्या रंगात येईल हे सॉफ्टवेअरने ठरवले. 'कुठे' हाच शब्द इथेही निर्णायक ठरला.

आपला १९५७चा कायदा या बाबतीत अधिक मोकळा दिसतो. १९९४च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कलाकृतीचा निर्माता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी व्याख्या आली. पण 'करवणारी' म्हणजे बटण दाबणारी, सॉफ्टवेअर लिहिणारी की निर्णय घेणारी, हे त्या शब्दांत स्पष्ट नाही, आणि ते शब्द आजच्या मॉडेलांच्या कितीतरी आधीचे आहेत. फोटोचा हक्क तर त्याआधी येतो. दुसऱ्याच्या फोटोचे चित्र केले म्हणून मूळ फोटोग्राफरचा हक्क संपत नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाच्या अल्बमचे जलरंग करून विकणाऱ्याने हे कलम वाचून ठेवावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून अँडी वॉरहॉलने केलेल्या चित्राच्या मासिकातील वापराबाबत गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलसारख्याची शैलीही तिथे पुरी पडली नाही.

ज्यांच्या चित्रांवरून मॉडेल शिकले त्यांचे काय, हा यापुढचा टप्पा. सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ यांनी जानेवारी २०२३मध्ये स्टेबल डिफ्युजनमागच्या स्टॅबिलिटी आणि इतर कंपन्यांवर दावा लावला. त्यांतल्या मॅकर्नन जलरंग आणि अपारदर्शक ग्वाशमध्ये काम करतात. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीशांनी कॉपीराइट भंगाचे मुद्दे पुढे चालू द्यायला परवानगी दिली. शैलीवर कुणाचा हक्क नसतो, हे तत्त्व भारतातही आर. जी. आनंद खटल्यापासून, म्हणजे १९७८पासून, पक्के आहे: कल्पना मोकळी, तिची अभिव्यक्ती राखीव. मॉडेल कंपन्यांचा भर त्यावरच आहे. चित्रकार म्हणतात, आमचा आक्षेप शैली उचलण्यावर नाही, चित्रेच न विचारता वापरण्यावर आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी सुसंगत आहे. 'शैली' हा शब्द एका माणसाच्या हाताला लागू होता तेव्हा हे तत्त्व ठरले. असंख्य हातांचे निर्णय एका मॉडेलात साठवता येतील, हे तेव्हा कुणापुढे नव्हते. दरम्यान शिकागो विद्यापीठातल्या ग्लेझ या साधनाने काही चित्रकार आपल्या चित्रांचे पिक्सेल डोळ्याला जेमतेम जाणवतील इतके बदलून इंटरनेटवर टाकतात, म्हणजे मॉडेल त्यांची शैली चुकीची शिकेल.

अजून न सुटलेले

चांगले रूपांतर कोणते, हे मोजण्याची सर्वमान्य कसोटी नाही. लोकांना दोन चित्रे दाखवून खरे कोणते विचारतात, पण ओळखू न येणे आणि चांगले असणे या दोन गोष्टी आहेत. व्हिडिओत फ्रेम बदलली की वॉशचे डाग थरथरतात. २००७ साली बूसो यांच्या गटाने त्यावर उपाय दिला, पण कागद स्थिर राहावा की चित्रासोबत सरकावा, हा पेच अजून आहे. छापलेल्या प्रतीत खळग्यात बसलेल्या रंगाचे कण नसतात, फक्त त्यांचे चित्र असते, आणि कागद तिरपा धरला की ते कळते.

शिक्षणाचा प्रश्न आपल्याकडे अधिक जवळचा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षेला बसणारी मुले हॉलमध्ये हातानेच रंगवतात, त्यामुळे तिथे फसवणुकीची भीती कमी. घरी सराव करताना मुलाने अ‍ॅपने सोपे केलेला फोटो नकलला, तर मोठे आकार दिसायला त्याची मदत होते, पण काय गाळायचे हे आधीच कुणीतरी ठरवून दिलेले असते. याने शिकणे लवकर होते की अर्धवट, यावर शिक्षकांत एकमत नाही. दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने खऱ्या असाव्यात, असे मला वाटते.

साधनांच्या बाजूने एक दिशा अजून पुरेशी चाचपली गेलेली नाही. १९९७चे सॉफ्टवेअर फोटोसोबत आकार आणि रंगांचा क्रम मागत होते, कारण त्याला ते स्वतःहून येत नव्हते. आजच्या मॉडेलला ते येते, म्हणून ते काहीच विचारत नाही. रंगवायला घेण्याआधी त्याने फोटो समोर ठेवून वापरणाऱ्याला बोटाने दाखवायला सांगावे, की इथला उजेड राखायचा, ही तार नको, बारकावा फक्त या हातावर. असे करणे तंत्राच्या दृष्टीने आज अवघड नाही. मग 'सूर्यास्त'सारखे चित्र पुन्हा नोंदणीसाठी गेले, तर अर्जदाराकडे एका आकड्याऐवजी त्याने कोऱ्या ठेवलेल्या जागांची यादी असेल.